माहिती पुरेशी आहे का?

मला गणित आवडते. पण सगळ्यांच्या आधी उत्तर सांगायला त्याहून जास्त आवडते. बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा हात वर! या पावसाळ्यात मात्र एका प्रश्नाने माझी ही खोड मोडली.

शिष्यवृत्तीच्या जादा तासाला बाईंनी फळ्यावर लिहिले, "एक दोन अंकी संख्या ओळखायची आहे. विधान १ : तिच्या अंकांची बेरीज ९ आहे. विधान २ : तिला ९ ने भाग जातो."

मी ओरडलो, "पंचेचाळीस!"

मागून कोणीतरी म्हणाले, "बहात्तर का नको?" दुसरी म्हणाली, "अठरा पण चालेल." सगळा वर्ग हसला.

बाई म्हणाल्या, "अरे, मी उत्तर विचारलंच नाही अजून. खालची ओळ वाच."

खाली लिहिले होते, "उत्तर काढायला एवढी माहिती पुरेशी आहे का?"

मग आम्ही सर्व संख्या मांडल्या. १८, २७, ३६, ४५, ५४, ६३, ७२, ८१, ९०. एकूण नऊ! मी म्हणालो, "पण बाई, विधानं दोन आहेत ना?" त्या म्हणाल्या, "अंकांची बेरीज ९ असली की ९ ने भाग जाणारच. दुसरं विधान पहिल्याच्या पोटातच आहे. त्याने नवीन काय सांगितलं?"

नंतर त्यांनी दुसरे विधान बदलले. "अंकांची अदलाबदल केली तर संख्या २७ ने वाढते." अशा संख्या १४, २५, ३६, ४७, ५८, ६९. म्हणजे हे विधान एकटे पुरत नाही. पण दोन्ही याद्यांत असलेली संख्या एकच, ३६! आता माहिती पुरेशी झाली.

बाईंनी आणखी एक गंमत सांगितली. देवळालीच्या शाळेत द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) नावाचे शिक्षक होते. ते सतत अंकांशी खेळत. अंकांच्या बेरजेने जिला भाग जातो, त्या संख्येला त्यांनी 'हर्षद', म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. त्यांना १९२७ साली रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे बक्षीस मिळाले होते. हे परांजपे आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे! फळ्यावरच्या नऊही संख्या हर्षद होत्या.

मला मात्र त्यांनी आनंद दिला नाही. मला माझा मित्र आठवला.

दोनच दिवसांपूर्वी माझी कंपासपेटी हरवली होती. मुंबईच्या काकांनी गणपतीत आणलेली. एकजण म्हणाला, "मधल्या सुट्टीत तो वर्गात होता." दुसरी म्हणाली, "तो मैदानावर आलाच नाही." मला वाटले, दोन साक्षीदार मिळाले. मी सगळ्यांसमोर माझ्या मित्राला चोर म्हटले. तो काहीच बोलला नाही. दप्तर उचलून मागच्या बाकावर जाऊन बसला.

आता कळले, ती दोन विधाने नव्हतीच. वर्गात होता म्हणजे मैदानावर नव्हताच! आणि पावसामुळे वर्गात आणखी सहा-सात जण होते. नऊ संख्यांतून मी पंचेचाळीस ओरडलो, तसेच त्याचे नाव ओरडलो होतो.

घरी गेल्यावर आजीला सांगितले. ती म्हणाली, "बाबू, आधी घरात नीट बघितलंस काय?" बघितले नव्हते. पडवीत धाकट्या भावाने दुकान मांडले होते. कंपासपेटीत त्याने चिंचोके भरले होते, गल्ला म्हणून!

रात्री मला जेवण गेले नाही. सकाळी प्रार्थनेनंतर मी सगळ्यांसमोर मित्राची माफी मागितली. चोर म्हटले होते सगळ्यांसमोर, मग माफी कानात कशी मागणार? तो लगेच बोलला नाही. दुपारी खिचडी खाताना जवळ येऊन बसला आणि म्हणाला, "दोन अंकी संख्या. अंकांची बेरीज अठरा. सांग, माहिती पुरेशी आहे का?"

या वेळी मी हात वर केला नाही. आधी पाटीवर मांडून पाहिले.

मित्रांनो, तुम्हीही मांडून पाहा. आणि कोणाचे नाव घ्यायच्या आधी एकदा मनाला विचारा, माहिती पुरेशी आहे का?