तारण: गहाणातले आणि पुराणातले

नागपूर

ती. आत्यास,


‘तारण’ या शब्दाला मराठीत दोन घरे आहेत. सीताबर्डीवर ‘सोने तारण कर्ज’ अशी पाटी दिसते, तिथे तारण म्हणजे कर्जापोटी ठेवलेला डाग. चर्चमध्ये तारण म्हणजे पापातून सुटका, आणि ती करणारा तो तारणारा. ख्रिस्ती शिकवणीत मात्र ही दोन्ही घरे शेजारी येतात: ऋणको स्वतःला सोडवू शकत नाही, दुसरा कोणी त्याचे मोल भरतो. मार्काच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात हेच मोल येते, आणि मराठी बायबलात त्याला शब्द आहे ‘खंडणी’. भोसल्यांच्या नागपुरात हा शब्द जरा दचकवतोच. खंडणी वसूल करणारे इथे ओळखीचे. ती स्वतः भरणारा राजा नवा.

हा रुक्ष हिशेब गोष्टीत उतरवण्याचा पहिला मोठा मराठी प्रयत्न गोव्यात झाला. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 मध्ये रायतूर येथे छापले गेले, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळेच नव्हते. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे सुटली होती, पण पुराण ऐकण्याची सवय कशी सुटणार? म्हणून सुमारे 11 हजार ओव्या. ‘पहिले पुराण’ सृष्टी आणि आदामाच्या पतनापासून निघते, ‘दुसरे पुराण’ ख्रिस्तचरित्र सांगते. म्हणजे आधी कर्ज, मग फेड. स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द स्टीफन्स बेधडक वापरतात. धर्मशास्त्र्यांना तो खटकेल, पण श्रोत्याला वाट विचारावी लागत नाही.

पुढचा प्रयत्न थेट नागपूरशी जोडलेला आहे. नारायण वामन टिळक 1891 च्या सुमारास इथे आले. श्रीमंत आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम चालले होते, ‘ऋषी’ नावाचे मासिकही त्यांनी काढले. पुढे राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते मानत. त्यामुळे त्यांच्या काव्यात तारणारा हा सावकाराचे देणे फेडणारा कमी, आणि माउली जास्त. हा बदल लहान नाही. देणे फिटले की संबंध संपतो, आईशी तो संपत नाही.

1909 मध्ये त्यांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र लिहायला घेतले, पण सुरुवातीचे काही अध्याय होतात तोच 1919 मध्ये ते वारले. उरलेले बहुतेक काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी उचलले. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर त्या चार-पाच वर्षे दूर राहिल्या, आणि परत आल्यावरही सोवळे आणि वेगळी चूल त्यांनी सांभाळली. मग विचार करता करता जातिभेद हा देवाचा नव्हे, माणसाचा उद्योग, असे त्यांना वाटू लागले, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायचे त्यांनी ठरवले. हे बाप्तिस्म्याच्या आधीचे. बाप्तिस्मा 1900 मधला. योहानाच्या शुभवर्तमानात येशू विहिरीवर शोमरोनी बाईकडे पाणी मागतो आणि ती चकित होते: यहुदी माणूस आमच्या हातचे पिणार? त्या बाईचे आश्चर्य लक्ष्मीबाईंना कल्पनेने रचावे लागले नसणार; तांब्या पुढे करणारी आणि नाकारणारी, दोन्ही बाजू त्यांच्या घरातल्या होत्या. शाळेचे शिक्षण जवळजवळ नसलेल्या या बाईने साठाहून अधिक अध्याय लिहिले. 1936 मध्ये त्या गेल्या. शेवटचा अध्याय मुलाने, देवदत्त टिळकांनी रचला आणि 1938 मध्ये ग्रंथ बाहेर आला.

कळावे,
तुझा भाचा