छप्पर उतरवल्यावर

'डम्पस्टर' हा शब्द एका आडनावातून आला आहे. जॉर्ज डेम्प्स्टर हे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातले, नॉक्सव्हिल गावचे. कचऱ्याची लोखंडी पेटी यंत्रानेच उचलून ट्रकवर रिकामी करायची पद्धत त्यांनी काढली, 1930च्या दशकात तिचं पेटंट घेतलं आणि तिला नाव दिलं 'डेम्प्स्टर-डम्पस्टर'. पुढे ते त्या शहराचे महापौरही झाले.

आज तिकडे घराचं छप्पर बदलायचं तर आधी अशी पेटी भाड्याने मागवतात. माझ्या टीममधल्या एकाने डॅलसला मागवली होती. वीस यार्डांची, म्हणजे साधारण पंधरा घनमीटरची. दारात पेटी ठेवली, जुनी डांबरी शिंगल्स वरून थेट तिच्यात टाकली, आठवड्याने पेटी गेली. पुढे त्या मालाचं काय झालं, हे त्याला माहीत नव्हतं. माहीत करून घ्यावं लागू नये, याचेच तर पैसे भरलेले असतात.

गेल्या मे महिन्यात आम्ही भिसेगावचं घर उतरवायला घेतलं, तेव्हा मीही बाबांना विचारलं होतं, की सगळा माल एकदम उचलून नेणारं कोणी मिळेल का. बाबा म्हणाले, "सगळा म्हणजे कुठला?"

प्रश्न बरोबर होता. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडात धडकलं, तेव्हा आमची बरीच कौलं उडाली होती. तेव्हापासून दर पावसाळ्याआधी निळी ताडपत्री घालायची आणि दिवाळीला काढायची, असं चाललं होतं. अखेर रंगीत लोखंडी पत्रे टाकायचं ठरलं. पण छप्पर उतरायला लागलं तशी त्यावर हक्क सांगणारी माणसं येऊ लागली. मंगलोरी कौलं धड होती ती कोठिंब्याकडच्या एका फार्महाउसवाल्याने शेकड्याच्या भावाने नेली. मंगलोरला बासेल मिशनने 1865 साली कौलांचा कारखाना काढला, तिथून हे कौल कोकणभर पसरलं. आता ते 'जुन्या पद्धतीचं' म्हणून बंगल्यांवर चढतं. सागाचे वासे सुताराने घेतले. किडलेल्या रिपा शेजारच्या काकूंनी पाणी तापवायला नेल्या. खिळे आणि पन्हळी भंगारवाल्याकडे गेल्या. फुटक्या कौलांचा चुरा आमच्याच अंगणात भराव म्हणून गेला. चार दिवसांत अख्खं छप्पर निघून गेलं, आणि प्रत्येक वस्तू कोणाकडे गेली ते आम्हाला सांगता येत होतं.

राहिले ते मागच्या पडवीवरचे नऊ सिमेंटचे पत्रे.

सिमेंटचा पत्रा हे आपलं सौम्य नाव. जुन्या पत्र्यांत सिमेंटला धरून ठेवायला ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. पत्रा शाबूत असेपर्यंत ते बहुतांश आतच राहतात. कापला, भोक पाडलं, फोडला की बारीक धूळ होऊन श्वासात जातात. सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसने कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आजार दिसायला वीस-तीस-चाळीस वर्षं लागतात. युरोपीय संघाने 2005पासून वापर बंद केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने 1995मध्ये ॲस्बेस्टॉसच्या कामगारांच्या आरोग्याचा हक्क मान्य केला, पण पत्रे मात्र विकले जात राहिले.

गड्यांबरोबर कामाला येणारी एक बाई होती, जवळच्या कातकरी वाडीतली. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "दादा, ते पत्रे टाकणारच असाल तर मला द्या. आमच्यावर नुसता कागद आहे."

कागद म्हणजे प्लॅस्टिक. पाऊस तीन आठवड्यांवर आला होता, आणि कर्जतचा पाऊस काय असतो ते वेगळं सांगायला नको.

"देऊन टाक," बाबा म्हणाले. "चाळीस वर्षं आपण त्याखाली बसलो. काय झालं?"

मी तिला कौलं देऊ केली. तिने मान हलवली. एक कौल दोन-अडीच किलोचं. त्यांना आढं, वासे, रिपा असा सांगाडा लागतो. पत्रा चार मेढींवर बसतो. तिचा हिशेब चोख होता. मी धुळीचं सांगितलं. ती म्हणाली, "चुलीचा धूर रोज खातोच की."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. वीस-तीस वर्षांनंतरचा आजार आणि तीन आठवड्यांवरचा पाऊस यांत मी काय निवडलं असतं, हे मला ठाऊक होतं. पण तिच्या घरी पत्रे कापले गेले असते, हुकांसाठी नवी भोकं पाडली गेली असती, आणि खाली तिची लहान पोरं असती. नवे पत्रे येणारच होते, त्यात आम्ही तिच्यासाठी पाच वाढवून मागवले. पैसे बाबांनी दिले. मजुरीतून कापायचे नाहीत, हेही त्यांनीच मुकादमाला सांगितलं. ती खूश झाली. आणि जाताना तिने पुन्हा विचारलं, "मग हे कोणाला देणार?"

ट्रॅक्टरवाला तयार होता. "टाकतो कुठेतरी," म्हणाला. बांधकामाच्या कचऱ्याचे 2016चे नियम सांगत होते की राडारोडा ज्याचा, जबाबदारी त्याची; रस्त्यावर, नाल्यात टाकायचा नाही. पण 'कुठेतरी' म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर उल्हासचा काठच आला. आणि तिथून ते पत्रे कोणीतरी उचलून घरावर घातलेच असते. घातक कचरा घेणाऱ्या एका ठिकाणी फोन केला, तर त्यांनी कारखाना कुठला आणि माल किती टन, असं विचारलं.

कॉम्प्युटरवर फाइल डिलीट केली की बहुतेक वेळा फक्त तिचा पत्ता पुसला जातो, मजकूर डिस्कवर तसाच राहतो. डम्पस्टर मला आता तसा वाटतो. सोय मोठी आहे, आमच्याकडे असती तर मीही घेतली असती. पण 'हे कोणाला देणार' असं विचारणारी बाई त्या पेटीपाशी उभी राहू शकत नाही.

नऊ पत्रे आम्ही पाणी मारून, न फोडता उतरवले आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मागच्या भिंतीला लावून ठेवले आहेत. त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलंय : फोडू नये, देऊ नये. आठवड्यात एक तरी माणूस विचारतो, हे द्यायचे आहेत का.