दुधाच्या दाताचे मूळ

हुपरीत तारेचे अप्रूप कुणालाच नाही. आमच्या गल्लीत चांदीची तार पोलादी पट्टीच्या उतरत्या मापाच्या छिद्रांतून ओढून बारीक करतात. घाईने एकदम बारीक छिद्रातून ओढली, तर ती तुटते. त्यामुळे बारा वर्षांच्या लेकीच्या दातांना तार बसवायचे ठरले, तेव्हा घरात कुणी दचकले नाही. दचकलो ते कोल्हापूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला तेव्हा. खालच्या जबड्यातल्या एका दुधाच्या दाढेखाली कायमचा दात नव्हताच.

लहानपणी पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून आम्ही कौलांवर फेकत असू. त्याला मूळ कधी दिसले नाही; म्हणून दुधाच्या दातांना मूळ नसतेच, ही समजूत मी चाळिशीपर्यंत बाळगली. खरे तर विसांपैकी प्रत्येक दुधाच्या दाताला मूळ असते. खालून कायमचा दात वर सरकू लागला, की काही पेशी ते मूळ हळूहळू विरघळवतात आणि आधार सुटलेला दात पडतो. खाली वारस नसेल तर ही झीज बहुधा मंदावते. असा दात तिशी-चाळिशीपर्यंतही टिकू शकतो. मात्र तारेच्या ओढीने झीज वाढण्याचा धोका असतो. कायमच्या दातांच्या मुळांची टोकेही या ओढीने थोडीफार आखूड होतात आणि ती पुन्हा वाढत नाहीत.

दाढ काढून फट मिटवायची, की दाढ राखायची? मुळे बरीच शाबूत होती. डॉक्टरांनी राखायचा सल्ला दिला. ओढ हलकी ठेवायची, त्या दाढेवर भार टाकायचा नाही, अधूनमधून एक्स-रे काढायचा. किती वर्षे टिकेल, याची हमी मात्र त्यांनी दिली नाही.

परतताना लेकीने विचारले, "बाबा, ही पडली तर तिथं दुसरी येणारच नाही?" "नाही," म्हणालो. ती गप्प झाली.

मूळ म्हणजे टिकणारे, असे मी वर्गात वर्षानुवर्षे गृहीत धरून बोललो. इथे एकोणीस दातांची मुळे विरघळली ते योग्यच झाले. विसाव्याची राहावीत, एवढीच आमची धडपड आहे. आता तार आवळताना डॉक्टरांचा हात किती हलका आहे, हे मी शेजारच्या कारागिराच्या नजरेने पाहतो.