आधी दार, मग पट्टे

पॅराशूटचे मांड्यांवरचे पट्टे नीट आवळले की धड सरळ उभं राहता येत नाही. विमानापर्यंत किंचित वाकूनच चालावं लागतं. फिनिक्सजवळच्या विमानतळावर मी सुपर डेकॅथलॉन विमानात लूप, रोल, स्पिन अशा हवाई कसरती शिकू लागले, तेव्हा हा अवघडलेपणा रोजचाच झाला.

अमेरिकेत वैमानिकाखेरीज आणखी कुणी विमानात असेल आणि विमान 60 अंशांहून जास्त कलंडवायचं किंवा नाक 30 अंशांहून जास्त वर-खाली करायचं असेल, तर प्रत्येकाला पॅराशूट सक्तीचं असतं. नायलॉनचं पॅराशूट दर 180 दिवसांत परवानाधारक रिगरकडून पुन्हा घडी घालून घ्यावं लागतं. एवढं केलं की कायद्याचं समाधान होतं. आमच्या प्रशिक्षकांचं होत नसे.

इंजिन सुरू करण्याआधी ते मागच्या सीटवरून एकदम ओरडायचे, "बाहेर!" मग ठरलेला क्रम. आधी दार: लाल मूठ ओढली की बिजागरीच्या पिना निघतात आणि हवेत दार सुटून जातं. सरावात मुठीवर फक्त हात ठेवायचा. मग हेडसेट, कारण तो डोक्यावर राहिला तर त्याची वायर दारातच अडवते. मग सीटचे पट्टे, आणि बाहेर. हे सगळं डोळे मिटून. विमान गरगरत असताना नजर कशावरही ठरत नाही, हात मात्र जागा ओळखतो.

उड्डाण संपल्यावर पॅराशूट सीटवर सोडून उतरायलाही मनाई होती. फक्त सीटचे पट्टे सोडायचे, पॅराशूटसकट उतरायचं आणि जमिनीवर उभं राहून ते काढायचं. घाबरलेली बोटं सवयीचंच बकल उघडतात. ती सवय पॅराशूटच्या बकलची असेल, तर माणूस रिकाम्या पाठीने बाहेर पडेल.

उंचीचा हिशेब त्याहून कठोर. मिनिटाला 6000 फूट वेगाने खाली येणाऱ्या विमानाला 1500 फूट संपवायला 15 सेकंद पुरतात. त्यातच निर्णय घ्यायचा, दार उडवायचं, निघायचं आणि छत्री उघडायला जागाही उरायला हवी. म्हणून आमची रेघ जमिनीपासून 3000 फुटांवर होती: तिथवर विमान ताब्यात आलं नाही, तर वाद न घालता उडी. तिथली जमीनच समुद्रसपाटीपासून सुमारे 1500 फूट, म्हणजे अल्टिमीटरचा काटा 4500 वर आला की वेळ संपली. स्पिनमध्ये प्रशिक्षक मागून आकडे मोठ्याने म्हणायचे. मला ती सक्ती फार आवडायची. विमान वाचवावं की सोडावं, हा प्रश्न खाली, शांतपणे सोडवलेला असायचा.

घडी बदलायच्या वेळी रिगरने पॅराशूट उघडायची रिंग मला ओढू दिली. नियमाप्रमाणे ती ओढायला 22 पौंडांहून जास्त जोर लागता कामा नये, पण दोन्ही हातांनी, हात पूर्ण लांब होईपर्यंत ओढायची असते. घट्ट बसलेली तार सरकताना जाणवलेला तो झटका कोणत्याही पुस्तकात सापडला नसता.

हवाई कसरतींच्या क्षेत्रात वैमानिक नील विल्यम्सची गोष्ट सगळेच सांगतात. 1970 साली इंग्लंडमध्ये सराव करताना त्याच्या झ्लिन विमानाचा पंख निखळून वर दुमडू लागला. जमीन जवळ होती. त्याने विमान उलटं केलं, तसा पंख जागेवर बसला. उलट्याच विमानाने तो धावपट्टीपर्यंत आला, अगदी शेवटी सुलटं केलं आणि वाचला. मला त्या माणसाबद्दल अपार आदर आहे. पण ते कसब आपल्याकडे असेल असं धरून कुणी वर जाऊ नये.

कधी हौसेने अशा विमानात बसायची संधी मिळाली तर जरूर बसा. मात्र इंजिन सुरू होण्याआधी वैमानिकाला सांगा: बाहेर कसं पडायचं ते दाखवा आणि माझ्याकडून एकदा करून घ्या. त्याने टाळाटाळ केली, तर त्या विमानात बसू नका.