आकडा वाढलेला, पण कधीपासून?

डायलिसिसवर असलेल्या माणसाचं ट्रोपोनिन-टी नॉर्मल आलं, तर मला आश्चर्य वाटतं. वाढलेलं आलं तर मुळीच नाही. पण नातेवाईकांच्या हातात तो रिपोर्ट लाल अक्षरांत पडतो, कुणीतरी “मायनर अटॅक येऊन गेलाय” असं सांगून मोकळं होतं आणि घर हादरतं. माझ्यासारख्या किडनीच्या डॉक्टरला त्याहून जास्त धास्ती वाटते ती दुसऱ्या वाक्याची: “किडनीचा पेशंट आहे ना, मग ट्रोपोनिन वाढणारच, सोडून द्या.”

ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूचं आकुंचन ताब्यात ठेवणारं प्रथिन. पेशी दुखावली की ते रक्तात उतरतं. आजच्या अतिसंवेदनशील ट्रोपोनिन-टी तपासणीत शंभरातल्या नव्याण्णव निरोगी माणसांचा आकडा लिटरमागे १४ नॅनोग्रॅमच्या आत असतो. डायलिसिसच्या बहुतेक रुग्णांचा तो कायमच या रेषेच्या वर राहतो, छातीत काहीही दुखत नसताना.

किडनी ते बाहेर टाकत नाही म्हणून साचतं, हे उत्तर अर्धंच आहे. वर्षानुवर्षांच्या उच्च रक्तदाबाने हृदयाची भिंत जाड झालेली असते, तिच्यात तंतू वाढलेले असतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसलेल्या असतात. त्यात रक्त कमी, अंगात पाणी जास्त आणि डायलिसिसमध्ये पाणी भराभर काढलं की हृदयाच्या स्नायूला रक्त अपुरं पडतं. म्हणजे स्नायू खरोखरच थोडा थोडा झिजत असतो. अमेरिकेत फ्रेड ॲपल आणि सहकाऱ्यांनी २००२ साली किडनी निकामी झालेल्या ७३३ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात ८२ टक्क्यांचं ट्रोपोनिन-टी नॉर्मल मर्यादेबाहेर होतं, तर ट्रोपोनिनचाच दुसरा प्रकार असलेलं ट्रोपोनिन-आय फक्त ६ टक्क्यांचं. ज्यांचं टी वाढलेलं होतं, त्यांच्यात पुढच्या काळात मृत्यूही जास्त झाले. अशा आकड्याला खोटा म्हणून बाजूला सारणं मला पटत नाही.

मग अटॅक ओळखायचा कसा? एका रिपोर्टवरून नाही. काही तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं आणि आकडा हलतोय का ते पाहायचं. ६० चे तीन तासांनी ६२ झाले, तर बहुधा तो त्या माणसाचा नेहमीचाच आकडा. ६० चे १४० झाले, तर आत्ता, या घटकेला, हृदयाला इजा होते आहे. सुरुवातीलाच वाढलेल्या आकड्यात २० टक्क्यांहून जास्त चढ किंवा उतार झाला, तर ती ताजी इजा मानायची, असा संकेत आहे. मात्र प्रत्येक ताजी इजा म्हणजे गुठळीने बंद झालेली रक्तवाहिनी नव्हे; फुप्फुसांत पाणी भरलं किंवा रक्तदाब फार घसरला तरी आकडा चढतो. म्हणून लक्षणं, ईसीजी आणि इको यांच्याशी तो ताडून पाहावा लागतो. तिथेही अडचण आहेच. या रुग्णांना अटॅकमध्ये अनेकदा छातीत कळ येतच नाही, नुसता दम लागतो. जाड झालेल्या हृदयाचा ईसीजी आधीपासूनच वेडावाकडा असतो, आणि पोटॅशियम वाढलं तर त्यात आणखी गोंधळ.

आकडा खरोखर चढत असेल, तर किडनीच्या नावाखाली उपचार अडवू नयेत असं माझं ठाम मत आहे. अँजिओग्राफीच्या डायने किडनी बिघडेल ही काळजी, किडनी थोडीफार काम करत असेल तेव्हा रास्त आहे, आणि तेव्हाही ती जिवावरच्या धोक्याशी तोलून पाहायची असते. ज्याचं डायलिसिस चालू आहे आणि लघवी जवळपास बंद आहे, त्याच्या किडनीत बिघडण्यासारखं फारसं उरलेलंच नसतं. तरीही याच कारणाने थांबवलेले रुग्ण मी पाहतो, आणि मला ते सहन होत नाही.

डायलिसिसच्या रुग्णांसाठी एक करता येईल. तब्येत ठीक असताना, त्या दिवसाचं डायलिसिस सुरू होण्याआधी, एकदा ट्रोपोनिन करून घ्या. तपासणी टी होती की आय, कुठल्या लॅबची आणि कोणत्या तारखेची, हे फाईलच्या पहिल्याच पानावर लिहा. टी आणि आयचे आकडे एकमेकांशी ताडता येत नाहीत. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या आय तपासण्यांचेसुद्धा नाहीत. आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात जायची वेळ आलीच, तर औषधांच्या पिशवीआधी ती फाईल उचला.