तिकिटात काय काय होतं

लाल कार्बनचं तिकीट. पातळ पानांची लांबट पुस्तिका, पानामागे लाल कार्बन, एजंटाने दाबून लिहिलेलं नाव आणि रकान्यात ‘ओके’. १ जून २००८ पासून जगभरच्या विमान कंपन्यांनी कागदी तिकीट बंद केलं.

त्याच काळात परतीची ‘ओपन’ तिकिटंही दिसेनाशी झाली. मुंबई-लंडन-मुंबई, जायची तारीख पक्की, यायची मोकळी, वर्षभरात केव्हाही परता. लेकीच्या बाळंतपणाला निघालेल्या आईला ही मोकळीक फार मोलाची होती. आता ती हवी असेल तर तारीख बदलायला दंड नसलेलं, म्हणजे वरच्या दराचं भाडं घ्यावं लागतं. अशा प्रवासाला तेच घ्यावं. स्वस्त तिकिटाची तारीख एकदा बदलली की वाचवलेले पैसे बहुधा त्यातच जातात.

परतीच्या बहात्तर तास आधी कंपनीच्या कचेरीत फोन करून ‘मी येतोय’ असं कळवणं. हे गेलं ते बरं झालं.

गोळ्यांचा ट्रे. विमान सुटण्याआधी साडी नेसलेली हवाई सुंदरी ट्रे घेऊन यायची. त्यात गोळ्या, आणि कानात घालायला कापूस. गोळी चघळताना माणूस सारखं गिळतो, आणि गिळताना कानातला दाब सुटतो. लहान मुलाचं रडणं थांबवायला याहून सोपा उपाय नव्हता. मूल बरोबर असेल तर खाऊ आता घरूनच न्यावा, आणि उतरतानासाठी थोडा राखून ठेवावा. कान जास्त दुखतात ते तेव्हा.

विमानांची नावं. एअर इंडियाच्या बोइंग ७०७ विमानांना हिमालयातल्या शिखरांची नावं होती: नंदादेवी, अन्नपूर्णा, कांचनगंगा. १९७१ मध्ये पहिलं जंबो आलं, ते सम्राट अशोक. त्याच्या खिडक्यांभोवती महालातल्या झरोक्यांसारख्या कमानी रंगवल्या होत्या. नंतरच्या जंबोंना स्थळांची नावं मिळाली: कोणार्क, खजुराहो, अजंठा, आणि एक ‘वेल्हा गोवा’. विमानाकडे चालत जाणारा प्रवासी नाकाजवळचं नाव वाचायचा आणि घरी पत्रात लिहायचा. दुःखातही हीच नावं कामी आली. १९७८ च्या पहिल्या दिवशी वांद्र्यासमोरच्या समुद्रात २१३ माणसांसह पडलं ते ‘अशोक’. २३ जून १९८५ रोजी आयर्लंडजवळ बॉम्बने ज्यातल्या ३२९ जणांचा जीव गेला, ते विमान आजही सगळ्यांना ‘कनिष्क’ म्हणूनच ठाऊक आहे. नोंदणीच्या अक्षरांनी कोणाला काही आठवत नाही. २२ एप्रिल २०२४ रोजी ‘आग्रा’ हे जंबो मुंबईहून उडालं, पंख हलवून निरोप घेतला आणि सुटे भाग काढण्यासाठी अमेरिकेला गेलं. एअर इंडियाच्या ताफ्यात त्यानंतर जंबो नाही.

बुकिंग ऑफिसातली चित्रं. १९५६ मध्ये कंपनीने बी. प्रभा यांची सहा चित्रं घेतली. नागपूरजवळच्या बेला गावची ही चित्रकार तेव्हा अगदी तरुण होती. पुढे गायतोंडे आणि हुसेन या चित्रकारांचीही चित्रं आली. परदेशातल्या कचेऱ्यांमध्ये ही चित्रं लावली जात. चित्रकार साल्वादोर दालीकडून १९६७ मध्ये हत्ती आणि हंस असलेले राखदाणीचे नमुने करून घेतले आणि मोबदला म्हणून त्याला हत्तीचं पिल्लू पाठवलं. विमान कंपनीने हे करायची काही गरज नव्हती, आणि म्हणूनच मला ते मोठं वाटतं. संग्रह आता दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाकडे गेला आहे. जपला गेला हे चांगलं झालं. पण तिकीट काढायला आलेल्या माणसाला तो न मागता दिसायचा, ते संपलं.

मुंबईत नरिमन पॉइंटची एअर इंडियाची तेवीस मजली इमारत. तिच्या माथ्यावर कंपनीचं बोधचिन्ह असलेला धनुर्धारी होता. मुख्यालय २०१३ मध्ये दिल्लीला गेलं, आणि पुढे ही इमारत महाराष्ट्र सरकारने १६०१ कोटींना घेतली.

हातातल्या पिशवीच्या चिठ्ठीवरचा सुरक्षेचा शिक्का. मुंबईसह काही विमानतळांवर एप्रिल २०१७ पासून बंद.

महाराजा. एअर इंडियाचा हा शुभंकर १९४६ मध्ये कंपनीचे बॉबी कुका आणि चित्रकार उमेश राव यांनी मुंबईत घडवला. त्याचं झुकून केलेलं स्वागत तिकिटाच्या दरातच धरलेलं असायचं.

ज्येष्ठांची अर्धी सवलत. सप्टेंबर २०२२ मध्ये एअर इंडियात ती ५० वरून २५ टक्क्यांवर आली. ही सवलत मूळ भाड्यावर मिळते, करांवर नाही. त्यामुळे ज्येष्ठांचा पर्याय निवडण्याआधी त्याच विमानाचं साधं भाडंही पाहावं. कधी कधी तेच कमी निघतं. वयाचा मूळ पुरावा बरोबर हवाच.

पंचवीस किलो. देशातल्या प्रवासात कोणतंही तिकीट काढा, वजन तेवढंच, हे पूर्वी गृहीत असायचं. मे २०२४ पासून एअर इंडियाच्या खालच्या भाड्यांवर १५ किलो आणि सर्वांत वरच्या ‘फ्लेक्स’वर २५. अमेरिकेला जाताना एकेका बॅगेत ३२ किलो नेता यायचं, आता २३. तो फरक म्हणजे गोडा मसाला, मेतकूट, लोणच्याची बरणी आणि वर दिवाळीचे डबे. परदेशी जायचं असेल तर नागपूर किंवा गोव्याहून मुंबई-दिल्लीपर्यंतचा टप्पाही त्याच तिकिटात घ्यावा. मग त्या टप्प्यालाही सहसा परदेशी प्रवासाचंच वजन चालतं, आणि पहिलं विमान उशिरा पोचून पुढचं चुकलं तर पुढे पोचवणं कंपनीकडे येतं. दोन वेगळी तिकिटं काढली तर तो भार आपल्यावर.

निवडीला दुसरी कंपनी. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. विस्तारा १२ नोव्हेंबर २०२४ ला एअर इंडियात विलीन झाली. जेवण, सामान, बिझनेस क्लास असं सगळं देणारी देशात आता हीच एक मोठी कंपनी, आणि तीही २७ जानेवारी २०२२ पासून सरकारची नाही, टाटांची.

गरम जेवण मात्र अजून तिकिटातच आहे. म्हणून स्वस्त कंपनीशी तुलना करताना तिथल्या भाड्यात जादा सामान, खाणं आणि आसनाचे पैसे मिळवावेत, आणि मगच दोन आकडे शेजारी ठेवावेत. मुंबई-दिल्लीला हातात एकच पिशवी असेल तर स्वस्त कंपनी खरोखर स्वस्त पडते. दोन बॅगा आणि म्हातारे आईवडील असतील तर बहुधा नाही.

आणि प्रवास रद्द झाला, तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं, तरी विमानतळाचे कर आणि शुल्क परत मिळतात. आपण उड्डाणच केलं नाही तर ते कंपनीचे होत नाहीत. हे पैसे न मागता क्वचितच येतात. अर्ज करावा, तिकीट एजंटाकडून घेतलं असेल तर त्याच्याकडे करावा, आणि रक्कम लहान आहे म्हणून सोडून देऊ नये.