पुढचा भाग कधी?

हिंगणघाटच्या आमच्या घरात तीन भाषांतलं वाचन चालतं. अम्मी फक्त उर्दू वाचतात. आम्ही नवरा-बायको मराठी शाळेत शिकलो. मुलं इंग्रजी शाळेत जातात आणि जाडजूड इंग्रजी कादंबऱ्यांच्या मालिका वाचतात. थोरलीने हॅरी पॉटरचे सातही भाग संपवले आणि आता ‘व्हील ऑफ टाइम’चे चौदा भाग हाती घेतले आहेत. धाकटा ‘ड्यून’मध्ये अडकला आहे. दस्तरखानावर बसलं की एकच विषय असतो, पुढच्या भागात काय होणार?

नात्यातल्या एका बुजुर्गांना हे खटकलं. “जादूच्या खोट्या गोष्टींत मुलांचा इतका वेळ का जाऊ देता? दीनचं किंवा अभ्यासाचं काही वाचू दे,” ते म्हणाले. त्यांनी काळजीपोटी विचारलं होतं, म्हणून आम्हीही त्यावर नीट विचार केला.

उत्तर अम्मींकडे निघालं. त्या हसून म्हणाल्या, “अरे, हे वेड तर आपल्याकडचंच आहे. ‘तिलिस्मे होशरुबा’चं नाव ऐकलं नाही का?”

लखनौच्या नवल किशोर छापखान्याने ‘दास्ताने अमीर हमजा’चे तब्बल ४६ खंड काढले. त्यातला सर्वांत गाजलेला भाग म्हणजे ‘तिलिस्मे होशरुबा’. तो १८८३पासून छापून येऊ लागला. पहिले चार खंड मुहम्मद हुसैन जाह यांनी लिहिले आणि पुढचे अहमद हुसैन कमर यांनी. थोरलीला हे ऐकून नवल वाटलं, कारण तिच्या ‘व्हील ऑफ टाइम’चंही असंच झालं होतं. मूळ लेखक रॉबर्ट जॉर्डन २००७ मध्ये वारले आणि शेवटचे तीन भाग ब्रँडन सँडरसन यांनी पूर्ण केले. गोष्ट एका माणसाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते आणि वाचक मात्र तिची साथ सोडत नाही.

बुजुर्गांच्या शंकेवरही अम्मी बोलल्या. त्यांनी मुलांना पहिल्यांदा हे सांगितलं की, ही दास्तान म्हणजे हजरत हमजा (रजि.) यांचं चरित्र नव्हे. उहुदच्या लढाईत शहीद झालेले हजरत हमजा इतिहासातले आहेत. दास्तानीतला अमीर हमजा किस्सा सांगणाऱ्यांनी रचलेला आहे. शिवाय या दास्तानीत जादू आहे ती अफरासियाब आणि त्याच्या जादूगारांकडे. अमीर हमजा जादूने लढत नाही, अल्लाहच्या नावाचा आधार घेतो. अकीदा आणि किस्सा यांतला फरक मुलांना कळला, की गोष्टीची भीती वाटायचं कारण उरत नाही.

मग धाकट्याने ‘ड्यून’ पुढे केलं. १९६५ साली फ्रँक हर्बर्ट यांनी वाळवंटी ग्रहावर रचलेल्या या कथेत ‘महदी’, ‘शैतान’, ‘मुअद्दिब’ असे शब्द सारखे येतात. “दादी, मुअद्दिब म्हणजे काय?” अम्मींनी सांगितलं, “अदब शिकवणारा, उस्ताद.” अमेरिकेत लिहिलेल्या पुस्तकातला शब्द आपल्या दादीला आधीपासून ठाऊक आहे, याचं धाकट्याला फार अप्रूप वाटलं. त्या दिवसापासून तो तिच्याजवळ जास्त वेळ बसू लागला.

वाट पाहणंही अम्मींना नवं नाही. इब्ने सफी यांची ‘जासूसी दुनिया’ १९५२ मध्ये अलाहाबादहून सुरू झाली, तर इमरानची मालिका १९५५ मध्ये. पुढे त्यात झिरोलँड नावाची गुप्त संघटना आणि तिची अजब यंत्रं आली, म्हणजे आजच्या भाषेत विज्ञानकथाच. १९६० ते ६३ लेखक आजारी होते आणि त्यांचं लिखाण थांबलं होतं. त्यांच्या नव्या पुस्तकासाठी वाचक तीन वर्षं थांबले.

आणि आमची मराठी? डॉ. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये नारायण विनायक जगताप हे नाव घेऊन मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. त्यांचं ‘वामन परत न आला’ आम्ही शाळेत असताना मिटक्या मारत वाचलं. पण मराठी विज्ञानकथा आमच्यापर्यंत आली ती बहुतेक दिवाळी अंकांतून, सुटी सुटी. भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेने पुढच्या पुस्तकाची ओढ लावली खरी, पण ती साहसकथा. फेब्रुवारी २०२३ मध्ये वर्ध्याला ९६वं साहित्य संमेलन भरलं, तेव्हा आम्ही मुलांना घेऊन पुस्तकांच्या गाळ्यांवर हिंडलो. होशरुबा मराठीत काही आमच्या हाती लागली नाही.

खरी चिंता इथेच आहे. अम्मींची नजर आता अधू झाली आहे. घरात उर्दू वाचणाऱ्या त्या एकट्याच. त्यांच्याकडच्या जुन्या जीर्ण प्रती उद्या कपाटात राहतील, पण त्या उघडून वाचणारं कोणी नसेल. लेखक गेला तर दुसरा लेखक मालिका पुढे नेतो. वाचकांची साखळी तुटली तर काय करायचं?

म्हणून आम्ही एक वही घातली आहे. इशानंतर अम्मी भिंगातून पानभर वाचतात आणि सोप्या हिंदीत समजावतात. आम्ही ते मराठीत सांगतो आणि थोरली लिहून घेते. अडलेला शब्द धाकटा मोबाइलवर शोधतो. एका बैठकीत दीड-दोन पानं होतात. अम्मी ऐन रंगात आल्यावर किताब मिटतात आणि “बाकी कल,” म्हणतात. मुलं ओरडतात. त्या बुजुर्गांनीही परवा फोनवर विचारलं, अमर अय्यार कैदेतून सुटला का?

तुमच्या घरीही एखादी दादी, नानी किंवा खाला अजून उर्दू वाचत असेल. तिच्याकडे कोणती अर्धी राहिलेली गोष्ट आहे, ते आजच विचारून ठेवा.